क्वालिटी सर्कलच्या बारा पायऱ्यांनी कँटीनमधला प्रश्न सुटेल का?

मायक्रोमीटर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात काम करतो आणि गेली सात वर्षे आमच्या क्वालिटी सर्कलचा, म्हणजे कामाच्या जागचे प्रश्न ठरलेल्या बारा पायऱ्यांनी सोडवणाऱ्या गटाचा, लीडर आहे. आजवर आम्ही बर (नगाच्या कडेला राहणारा धातूचा धारदार काठ), पोरोसिटी (ओतीव नगातली पोकळी), टूल लाइफ (हत्याराचे आयुष्य), चुकीचा वॉशर बसणे असे विषय घेतले आणि त्यांतले बहुतेक तडीस नेले. यंदा विषय वरून आला आहे. ग्राहक कंपनीच्या ऑडिटमध्ये आमच्यावर 'विविधता आणि समावेशन' या मुद्द्यावर निरीक्षण नोंदवले गेले, आणि "तुम्ही मंडळी एवढे प्रश्न सोडवता, हाही सोडवा, दोन महिन्यांत बोर्डावर चार्ट लागला पाहिजे," असे सांगून कारखानाप्रमुखांनी तो आमच्याकडे सोपवला.

परिस्थिती अशी आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही ११ कर्णबधिर तरुण कामावर घेतले. त्यांच्यापैकी ६ जण सोडून गेले आणि सहाही राजीनाम्यांवर कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' एवढेच लिहिलेले आहे. उरलेले पाच जण कँटीनमध्ये हात धुण्याच्या बेसिनलगतच्या टेबलावर बसून जेवतात. त्या टेबलावर दुसरे कोणी बसत नाही, कारण तिथे पाणी उडते, असे सांगितले जाते. दुसरी गोष्ट कंत्राटी कामगारांची. त्यांचे कूपन पिवळे आणि कायम कामगारांचे निळे, डाळ एकाच पातेल्यातली पण खिडक्या दोन, आणि पिवळ्या कूपनची खिडकी पंधरा मिनिटे उशिरा उघडते.

आमच्या पद्धतीप्रमाणे आम्ही ब्रेनस्टॉर्मिंग केले. ३४ कारणे निघाली, मतदान झाले आणि पहिले तीन क्रमांक 'संवादाचा अभाव', 'आत्मविश्वासाची कमतरता' आणि 'मिसळण्याची इच्छा नसणे' यांना मिळाले. फिशबोन, म्हणजे माशाच्या काट्यांसारखा कारणांचा आराखडा, काढला तेव्हा जवळजवळ सगळी कारणे 'माणूस' या एकाच काट्यावर जाऊन बसली. यंत्र, पद्धत, साहित्य हे काटे रिकामे राहिले. इतक्या वर्षांत असा एका बाजूला कललेला मासा मी पाहिलेला नाही, आणि म्हणूनच मला शंका आली. बैठक संपल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती म्हणजे त्या पाच जणांपैकी एकालाही आम्ही बोलावले नव्हते.

चिठ्ठ्यांमध्ये एक चिठ्ठी अशीही होती की, 'नवीन माणूस आला की पूर्ण नाव विचारतात आणि मग गाव विचारतात.' तिला एक मत पडले. ते बहुधा लिहिणाऱ्याचेच असावे. ती वाचल्यावर कोणी काही बोलले नाही आणि आम्ही पुढच्या चिठ्ठीकडे वळलो.

माझे प्रश्न तीन. दोषाचे मूळ कारण शोधण्याच्या पद्धती माणसांमाणसांतल्या दुराव्याला लावता येतात का? लावता येत असतील तर मोजायचे काय? आणि यातला कोणता भाग सर्कलने हातातच घेऊ नये?

निवृत्त क्यूए

मायक्रोमीटर, आपली शंका रास्त आहे. पद्धत चालेल, परंतु तुमची पहिलीच पायरी घसरलेली आहे, आणि ती दुरुस्त केल्याशिवाय पुढे गेलात तर चार्ट उत्तम होईल आणि सातवा राजीनामा येईल.

'कर्णबधिर कामगार मिसळत नाहीत' हे समस्येचे विधान नव्हे. तो निष्कर्ष आहे, आणि तोही न मिसळणाऱ्या दुसऱ्या बाजूने काढलेला. पोरोसिटीच्या प्रकल्पात तुम्ही 'कास्टिंग खराब आहे' असे कधी लिहिले असते का? तुम्ही पार्ट नंबर, पोकळीची जागा, शिफ्ट आणि शंभरातले प्रमाण लिहिले असते. इथेही तेच करा. चोवीस महिन्यांत ११पैकी ६ गेले, हे ठीक. पण त्याच काळात, त्याच लाइनवर, त्याच वेळी लागलेले ऐकू येणारे किती गेले? ते गुणोत्तर काढल्याशिवाय तुमच्याकडे समस्या आहे की नुसती हळहळ, हे कळणार नाही.

त्यानंतर 'आहे आणि नाही' असा तक्ता मांडा. फाइव्ह व्हायच्या, म्हणजे पाच वेळा 'का' विचारण्याच्या, नादात लोक हा तक्ता विसरतात, आणि माझ्या मते अशा प्रश्नांत याच्याइतके उपयोगी हत्यार दुसरे नाही. गेलेले सहा जण कोणत्या विभागातले होते आणि कोणत्या विभागातून कोणीच गेले नाही? दुरावा जेवणाच्या सुट्टीत आहे, मग चहाच्या सुट्टीत आहे का? पहिल्या पाळीत आहे, तर रात्रपाळीत का नाही? स्वभाव हेच कारण असेल तर तो माणूस सगळीकडे सारखाच एकटा पडायला हवा. एका जागी एकटा आणि दुसऱ्या जागी रमलेला असेल, तर कारण त्या जागेत आहे, तिथल्या व्यवस्थेत आहे, आणि मग तुमच्या माशाचे रिकामे काटे आपोआप भरू लागतील.

आता मतदानाविषयी. पॅरेटो, म्हणजे दोष संख्येच्या उतरत्या क्रमाने मांडणारा तक्ता, आणि मतदान ही दोन्ही साधने मोठ्या आकड्याच्या बाजूने उभी असतात. बर हजार नगांत आला आणि भेग दोन नगांत आली तर पॅरेटो आधी बर दाखवतो. पाचशेच्या कारखान्यात पाच जणांचा प्रश्न मतदानाला टाकणे म्हणजे तो हरणार हे ठरवूनच टाकणे होय. याला आपल्याच क्षेत्रात उत्तर आहे. एफएमईएमध्ये, म्हणजे काय बिघडू शकते याच्या आगाऊ विश्लेषणात, आपण तीव्रता, वारंवारता आणि शोधक्षमता यांना १ ते १० गुण देऊन त्यांचा गुणाकार करत असू. पण २०१९मध्ये अमेरिकी एआयएजी आणि जर्मन व्हीडीए या वाहन उद्योगाच्या संघटनांनी मिळून जे नवे हस्तपुस्तक काढले त्यात हा गुणाकार काढून टाकला आणि प्राधान्य ठरवताना तीव्रतेला सर्वाधिक वजन दिले. कारण उघड आहे. ब्रेक निकामी होणे लाखात एकदाच घडत असले तरी ते यादीच्या तळाशी जाता कामा नये. तुमच्याकडे नोकरी सोडावी लागणे ही तीव्रता आहे. ती किती जणांवर आली हा नंतरचा प्रश्न.

शोधक्षमतेचा गुण तर इथे डोळे उघडणारा आहे. 'आमच्याकडे या विषयावर एकही तक्रार नाही' हे वाक्य मी किमान तीन कारखान्यांत अभिमानाने उच्चारलेले ऐकले आहे. तपासणीच नसलेल्या स्टेशनवर दोष शून्यच निघतो. तक्रार मराठीत लिहून सुपरवायझरमार्फत द्यायची आणि सुपरवायझरच तिचा विषय असायचा, अशा व्यवस्थेत शोधक्षमता दहाला दहा, म्हणजे दोष जवळजवळ न सापडणाऱ्या जातीचा, असे धरावे.

आणखी एक इशारा देतो, तो अनुभवाचा आहे. एट-डीमध्ये, म्हणजे आठ पायऱ्यांच्या दोषनिवारण पद्धतीत, तिसऱ्या पायरीवर आपण तात्पुरता बंदोबस्त करतो आणि कायमचा उपाय त्यानंतर येतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या कारखान्यात होतो तिथे असेंब्ली लाइनवरच्या एका मुलीला शेजारच्या स्टेशनवरच्या टोळक्याचा त्रास होत होता. तिला 'तूर्तास' स्टोअरमध्ये बसवले गेले. तूर्तास म्हणता म्हणता दोन वर्षे झाली, तिचा उत्पादन भत्ता बुडाला, लाइनवरचे कौशल्य सुटले, आणि टोळके जागच्या जागी राहिले. तो बंदोबस्त मीच सुचवला होता आणि त्याचा मला तेव्हा अभिमानही वाटला होता. सदोष फिक्श्चर (नग पकडून ठेवणारे साधन) तसेच ठेवून चांगला नग रॅकवरून उचलावा, असा तो प्रकार होता.

शेवटी, आपल्या बारा पायऱ्यांत सुरुवातीलाच प्रश्नांची अ, ब, क अशी वाटणी असते. अ म्हणजे सर्कलला स्वतः सुटणारा, ब म्हणजे दुसऱ्या विभागाची मदत लागणारा, क म्हणजे व्यवस्थापनाची मंजुरी लागणारा. सर्कलने अ उचलावा असा शिरस्ता आहे. तुमची पिवळी-निळी कूपने सरळसरळ क आहेत. ज्यांनी हा विषय तुमच्या गळ्यात घातला त्यांना हे पहिल्याच आठवड्यात लेखी कळवा, नाहीतर तुम्ही पोस्टर लावाल आणि खिडक्या दोनच राहतील.

लालबागकर

वरील प्रतिसाद चांगला आहे, तरीही मला या पद्धतींबद्दल एक मूलभूत आक्षेप नोंदवायचा आहे. माझे आजोबा गिरणीत साचेवाले, म्हणजे विणकर, होते, म्हणून उदाहरण तिथलेच देतो.

मुंबईच्या गिरण्यांत कापड खात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत. त्यांना प्रामुख्याने सूत काढण्याच्या खात्यांत काम मिळे. कारण असे सांगितले जाई की, धोट्यातली, म्हणजे मागावर आडवे सूत नेणाऱ्या साधनातली, सुताची कांडी बदलताना सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागते, आणि ज्या धोट्याला दलित कामगाराचे तोंड लागले त्याला आम्ही तोंड लावणार नाही, असे इतर विणकर म्हणत. १९२८च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा उचलला आणि संपाच्या पुढाऱ्यांनी तो मागण्यांत घ्यावा असा आग्रह धरला. पुढाऱ्यांनी तो नाखुशीने मालकांपुढे ठेवला, तेव्हा हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे, असे मालकांनी ऐकवले.

आता याच्यावर तुमचे फाइव्ह व्हाय चालवा. दलित कामगार कापड खात्यात का नाहीत? कारण इतर विणकर तयार नाहीत. ते का तयार नाहीत? कारण धोटा तोंडाला लावावा लागतो. धोटा तोंडाला का लावावा लागतो? कारण त्याची रचना तशी आहे. इथे चांगला इंजिनियर थांबेल, हाताने ओवता येणारा धोटा सुचवेल आणि प्रकल्प बंद करेल. पण कापड खात्यातला पगार सूत खात्यापेक्षा चांगला होता. सांगितले जाणारे कारण थुंकीचे होते आणि राखले जात होते ते पगाराचे खाते. 'का' विचारणारा कोण आहे आणि तो कुठे थांबतो यावर उत्तर ठरते, आणि कारखान्यात 'का' विचारणारा बहुधा निळ्या कूपनवालाच असतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, पिवळ्या कूपनचा प्रश्न सर्कलचा नाहीच. तो कंत्राटी पद्धतीचा आणि युनियनचा आहे. खिडकी एक केलीत तरी समान कामाला समान वेतन मिळणार आहे का?

मायक्रोमीटर (धागाकर्ता)

दोघांचेही आभार. लालबागकर, धोट्याचे उदाहरण मी सर्कलच्या बैठकीत जसेच्या तसे सांगितले. नंतर बराच वेळ कोणी बोलले नाही, पण यावेळची शांतता चिठ्ठीच्या वेळेपेक्षा वेगळी होती. वेतनाचा प्रश्न आमच्या आवाक्याबाहेरचा आहे हे मान्य. तथापि खिडकी पंधरा मिनिटे उशिरा उघडल्यामुळे त्या माणसाचे जेवण पंधरा मिनिटांत उरकते, ही गोष्ट वेतनाचा निकाल लागेपर्यंत थांबवावी असे मला वाटत नाही.

निवृत्त क्यूए साहेब, 'आहे आणि नाही' तक्ता मांडला, आणि जे निघाले ते सांगतो. सोडून गेलेले सहाही जण असेंब्ली लाइनवरचे होते. उरलेल्या पाचांपैकी चार जण अंतिम तपासणीच्या खोलीत आहेत आणि तिथून एकही गेलेला नाही. दोन्ही ठिकाणी पगार तोच, ठेकेदार तोच, बसही तीच. मी खोलीत जाऊन अर्धा दिवस उभा राहिलो. तिथली टेबले समोरासमोर आहेत, त्यामुळे मान वर केली की समोरच्याचे हात आणि चेहरा दिसतो. लाइनवर प्रत्येकाच्या तोंडापुढे पुढच्याची पाठ असते. तपासणीच्या खोलीतल्या सुपरवायझर बाई स्वतःहून पंचवीसेक खुणा शिकल्या आहेत आणि त्यांनी 'बर'साठी, 'ओरखडा'साठी, 'परत पाठव'साठी त्या चौघांबरोबर बसून खुणा ठरवल्या आहेत. हे काम कोणत्याही काइझेन शीटवर, म्हणजे छोट्या सुधारणांच्या नोंदपत्रकावर, नाही. त्यांना विचारले तर म्हणाल्या, "त्यात काय लिहायचं?"

मग पुण्यातील एका कर्णबधिर विद्यालयातल्या शिक्षिकेला दुभाषी म्हणून बोलावून आम्ही त्या पाच जणांशी बोललो. लाइनवर उरलेल्या एकमेव मुलाने खुणा करण्याऐवजी माझ्या वहीत लिहिले, 'ओटी कधी कळत नाही. बस जाते.' ओव्हरटाइमची घोषणा पाळी संपायच्या आधी माइकवरून होते. ज्याला ती कळली नाही तो गेटवर जातो, तिथून परत पाठवला जातो, आणि परत येईपर्यंत सुपरवायझरच्या लेखी तो पळून जाणारा ठरलेला असतो. आमच्या लाइनचा व्हॉट्सॲप गट आहे आणि त्यात ओटीचा निरोप येतो. या मुलांना त्या गटात घेतलेलेच नव्हते. का, तर 'त्यांना ऐकू येत नाही.' हे उत्तर देणारा माणूस वाईट नाही, हे मला मुद्दाम लिहावेसे वाटते. माझ्यासमोर ते वाक्य बोलून झाल्यावर तोच स्वतःशी चमकला.

सकाळचे टूलबॉक्स टॉक (काम सुरू होण्याआधीची सुरक्षेची छोटी बैठक) तोंडी होते, बहुकौशल्याची चाचणी तोंडी होते, आणि ती पास झाल्याशिवाय श्रेणी वाढत नाही. फिशबोनचा 'पद्धत' हा काटा आता सर्वांत जड झाला आहे.

रात्रपाळी

मी हा धागा सुरुवातीपासून वाचत होतो. पिंपरीच्या पट्ट्यात मीही गुणवत्तेतच आहे. त्या एका मताच्या चिठ्ठीबद्दल लिहितो, कारण वरच्या कोणत्याही प्रतिसादात तिला हात लागलेला नाही.

नवीन माणसाला नाव विचारले की तो नाव सांगतो. मग 'पूर्ण नाव?' आडनावावरून उलगडा झाला नाही तर 'गाव कुठलं?' आणि गाव सांगितले की 'गावात कुठं?' हे चार प्रश्न हसतमुखाने, चहाचा कप हातात देऊन विचारले जातात. चौथ्या उत्तरानंतर आवाजात जो फरक पडतो तो कोणत्याही गेजवर मोजता येणार नाही, पण ज्याला तो ऐकायची सवय आहे त्याला शंभरातून शंभर वेळा कळतो. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते तेव्हा नारळ फोडायला लाइनवरच्या सर्वांत जुन्या माणसाला बोलावतात. एका वर्षी सर्वांत जुना मी होतो. त्या वर्षी असे ठरले की नारळ मॅनेजरसाहेबांनी फोडावा.

याची मी तक्रार करावी का? कशाची करू? कोणी मला काहीही वावगे बोललेले नाही.

आपल्याकडे समावेशनाचे जे नमुने येतात ते ग्राहक कंपनीच्या मुख्यालयातून येतात. त्यात स्त्रिया असतात, अपंग असतात, वंश आणि लैंगिक कल हेही रकाने असतात. जात हा रकाना नसतो. अमेरिकेतल्या सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३मध्ये भेदभावविरोधी कायद्यात जात हा शब्द स्पष्टपणे घातला, आणि चाकणच्या बोर्डावरचा फिशबोन मात्र तो शब्द सोडून पूर्ण होतो, यातली गंमत माझ्या काही सहकाऱ्यांना सांगूनही कळली नाही.

मोजता येते का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर 'होय' असे आहे, पण मोजमाप माणसाचे करू नका, निर्णयांचे करा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच केले होते. सारख्याच पात्रतेचे अर्ज उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लिम वाटतील अशा वेगवेगळ्या नावांनी खाजगी कंपन्यांना पाठवले, आणि दलित व मुस्लिम नावांना पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. कोणालाही 'तुम्ही जात पाळता का' असे विचारावे लागले नाही. तसेच तुम्हीही बघा. रविवारची दुप्पट दराची ओटी कोणाला मिळते, प्रशिक्षणाला कोणाचे नाव जाते, उष्ण आणि घाणेरड्या स्टेशनवर सलग किती आठवडे कोण असतो, आणि हे वाटप कोण ठरवतो. हे सगळे कागद तुमच्या कारखान्यात आजही आहेत.

एक विनंती मात्र करतो. 'निनावी सर्वेक्षण' म्हणून आमच्यापुढे फॉर्म ठेवू नका. ज्या विभागात आमच्यासारखे दोघेच आहेत तिथे विभागाचे नाव लिहिले की निनावीपणा संपतो. ओळखपत्रावरून आडनाव काढण्याचा उपायही कोणीतरी सुचवेल, म्हणून आधीच सांगतो. आमच्याकडे तो करून झाला आहे. त्यामुळे दुसरा प्रश्न पहिला झाला, एवढेच.

ती चिठ्ठी कोणी लिहिली हे शोधू नका.

बाहेरच्या सदस्य

मी वकील आहे आणि दोन कंपन्यांच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून काम पाहते. धागाकर्त्यांच्या तिसऱ्या प्रश्नापुरते लिहिते.

लैंगिक छळाची कोणतीही बाब सर्कलच्या टेबलावर येता कामा नये. २०१३च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, आणि तक्रारदार, साक्षीदार व चौकशी यांची माहिती उघड करण्यास त्याच कायद्याने मनाई केली आहे. निवृत्त क्यूए साहेबांनी सांगितलेला प्रसंग आज घडला तर तो फिशबोनवर मांडणे हाच नियमभंग ठरेल. जातिवाचक अपमानाचा प्रसंग असेल तर १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तिथे 'समजुतीने मिटवण्या'चा अधिकार सर्कललाही नाही आणि कारखानाप्रमुखांनाही नाही.

कर्णबधिर कामगारांच्या बाबतीत मात्र आपण ज्या गोष्टी सर्कलचा प्रकल्प म्हणून करत आहात त्यांतल्या काही व्यवस्थापनाच्या कायदेशीर जबाबदाऱ्याच आहेत. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे असते, आणि २०१७च्या नियमांनुसार वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेच्या धोरणात सोयीसुविधांचा आणि संपर्क अधिकाऱ्याच्या नेमणुकीचा उल्लेख असावा लागतो. ते धोरण आपल्याकडे आहे का, हे प्रथम विचारा. असेल तर ती फाइल मागून घ्या, कारण माझ्या अनुभवात ती बहुतेक वेळा ऑडिटच्या दिवशीच कपाटाबाहेर येते.

रात्रपाळी यांनी लिहिलेल्या नारळाच्या प्रसंगाला कायद्यात नेमके कलम सापडणे कठीण आहे. सर्कलचा उपयोग झाला तर अशा जागी होईल. नारळ सेवाज्येष्ठतेनुसार फोडला जाईल, ही एक ओळ लेखी असती तर त्या वर्षी निर्णय बदलायला कोणाला तरी कारण द्यावे लागले असते.

निवृत्त क्यूए

रात्रपाळी, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. मी वर एवढे लांबलचक लिहिले आणि त्या चिठ्ठीला बगल दिली, हे आपण सौम्य शब्दांत दाखवून दिलेत. पॅरेटोला नावे ठेवताना मीही एका मताची चिठ्ठी सोडूनच पुढे गेलो होतो.

मायक्रोमीटर, आपल्या बारा पायऱ्यांतल्या नवव्या पायरीकडे, म्हणजे संभाव्य विरोधाच्या अंदाजाकडे, आता नीट लक्ष द्या. एरवी आपण तिथे 'ऑपरेटरला प्रशिक्षण दिले' असे लिहून पान भरतो. ओटीचा निरोप लेखी करण्याला कोणी विरोध करणार नाही, खिडक्या एक करण्याला थोडा होईल, आणि ओटीच्या वाटपाचा तक्ता बोर्डावर लावा म्हणालात की खरा विरोध सुरू होईल, कारण तिथे सुपरवायझरच्या हातातली देण्याघेण्याची वस्तू जाते. तो तक्ता मागण्याआधी कारखानाप्रमुखांची सही घेऊन ठेवा.

मायक्रोमीटर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. आजच्या बैठकीत जे ठरले ते लिहून ठेवतो.

मतदानाचा जुना निकाल रद्द केला. ओटीचा निरोप पाळी संपण्याच्या एक तास आधी अँडन बोर्डावर (लाइनवरच्या सूचनाफलकावर) आणि गटावर लेखी येईल, आणि गटात पाचही जणांना घेतले आहे. तपासणीच्या खोलीतल्या सुपरवायझर बाई आणि तो लाइनवरचा मुलगा, दोघे सर्कलचे सदस्य झाले आहेत. खुणा शिकवायला त्या मुलाने होकार दिला, मात्र त्याचा वेळ ओटीत धरावा अशी अट त्याने वहीत लिहून दाखवली, आणि ती मान्य झाली. कूपन आणि खिडकीचा विषय 'क' म्हणून लेखी वर गेला आहे. समान संधी धोरणाची फाइल मागितली आहे. ती अजून मिळालेली नाही.

ओटीच्या वाटपाचे गेल्या बारा महिन्यांचे कागद मी टाइम ऑफिसमधून घेतले आहेत. नावे काढून फक्त क्रमांक ठेवले आहेत आणि क्रमांकांची यादी माझ्याकडेही ठेवलेली नाही. ते कागद कोण वाचणार यावर बैठकीत अर्धा तास वाद झाला आणि तो मिटला नाही. पुढची बैठक गुरुवारी आहे.

बेसिनलगतच्या टेबलाचेही सांगतो. नळाला नवा वॉशर बसवला, पाणी उडायचे थांबले. आज दुपारी मी तिथेच जेवलो. सहावी खुर्ची नव्हती, ती शेजारच्या टेबलावरून ओढून आणावी लागली.